मीटरशी कोण भांडणार?

कामाला हात घालण्याआधी ती बोटातली अंगठी काढते आणि टेबलावरच्या खिळ्याला अडकवते. अंगठीच्या जागी बोटाला पांढरा पट्टा पडला आहे, आणि त्या पट्ट्याच्या कडेला जुन्या भाजल्याचा एक बारीक वण. "एकदा अंगठी आणि पाना दोघांनी मिळून बॅटरीची दोन टोकं जोडली," तिने मला सांगितलं होतं. "अंगठी लाल झाली. तेव्हापासून सोनं खिळ्यावर आणि मी कामावर."

तिला सगळे मीटरताई म्हणतात. गाड्यांची विजेची कामं करते. वय साठीच्या जरा अलीकडे, चष्मा दोरीने गळ्यात, आणि हातात काट्याचं जुनं मीटर. हल्ली आकडे दाखवणारी मीटर मिळतात, तिच्याकडेही एक आहे, पण ते खणात. "आकडा नुसता सांगतो, काटा वागून दाखवतो," असं तिचं म्हणणं. मोटरींच्या तारा गुंडाळायच्या कारखान्यात तिने बारा वर्षं काढली. कारखाना बंद पडला तेव्हा थोरल्या भावाने आपल्या गॅरेजचा एक कोपरा रिकामा करून तिला टेबल टाकून दिलं. गिऱ्हाइकं पहिले काही महिने दादाकडे बघूनच बोलायची. "बाई काय बघणार?" असं कुणी म्हणालं की दादा इंजिनातून डोकं वर न काढता म्हणायचा, "मला दिसत नाही ते बघते. जा तिकडे."

हा दादा म्हणजे इंजिनवाला. अडुसष्ट वर्षांचा, खांदे अजून रुंद, पण गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पाना उचलताना आधी हवेत चाचपडतो. त्याची एक रीत सगळ्या भागाला ठाऊक आहे. कुठलंही इंजिन तो आंघोळ घातल्याशिवाय गाडीत बसवत नाही. आधी रॉकेलने घासून धुणार, मग राखाडी रंगाचे दोन हात देणार. बरं, नुसतं इंजिनच नाही. ते बसायचं आहे ती गाडीतली जागाही तितकीच रंगवणार. बारीक ब्रश घेऊन प्रत्येक कडा, प्रत्येक कोपरा. "झाकणाखाली कोण बघतंय?" असं आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, तर म्हणाला, "मी बघितलंय ना."

आमच्या गाडीत त्याने इंजिन बदललं आणि तिथूनच ही गोष्ट सुरू झाली.

गाडी माझी. म्हणजे चालवते मी, धुते मी, आणि तिच्यावरून बोलणी खाते तीही मीच. अंग धडधाकट, पण इंजिन इतका धूर सोडायला लागलं की शेजारीण गाडी निघाली की खिडक्या लावून घ्यायची. ह्यांचं मत होतं, भंगारात द्या. मी म्हटलं, गुडघा बदलतात, माणूस टाकून देत नाहीत. दादाने अपघातात मोडलेल्या एका गाडीचं इंजिन शोधून आणलं, चाचपलं, कान लावून ऐकलं, आणि म्हणाला, "वहिनी, हे अजून दहा वर्षं बघायला नको." आठवडाभर खपून त्याने ते बसवलं. बुधवारी सकाळी मला बोलावलं. झाकण उघडलं तर आत नवी कोरी राखाडी चमक. मी आरशात बघावं तशी बघतच राहिले.

"फिरवा किल्ली," दादा म्हणाला.

फिरवली. खट.

पुन्हा फिरवली. खट. बास, एवढंच. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, पण इंजिनाला पहिला धक्का देणारा जो स्टार्टर, तो हूं की चूं करेना. पाहुणा दारात येऊन कडी वाजवतो आणि आत येतच नाही, तसं.

"इंजिन नवं, सवयी जुन्याच," हे म्हणाले. मी डोळे वटारले.

दादाने स्टार्टर काढला. जमिनीवर ठेवून पायाने दाबून धरला, बॅटरीतून थेट दोन तारा दिल्या, तर तो असा गरगरला की दादाची चप्पल थरथरली. म्हणजे स्टार्टर चांगला. गाडीत बसवला, खट. दुसरा आणून बसवला, खट. बॅटरी बदलली, खट. गुरुवारी तिसरा स्टार्टर. दर वेळी मी आपली किल्लीवर, कारण दादाकडे हाताखाली कुणी नाही आणि किल्ली फिरवायला माणूस तर हवाच. दोन दिवसांत माझं स्वेटरचं पाठीचं विणकाम त्या सीटवर बसून पूर्ण झालं.

तिसऱ्या स्टार्टरचंही खट ऐकून दादा उठला, हात पुसले. मग म्हणाला, "इंजिनच चुकीचं उचललं मी. आतलं मोठं दातेरी चाक वेगळ्या मापाचं असणार. स्टार्टरचे दात त्यात अडकून बसत असणार. सगळं खाली घ्यावं लागेल."

हे तेव्हा तिथेच होते. ते म्हणाले, "दादा, राग मानू नका, पण मी शनिवारी दुपारी बाराला ओढून न्यायची गाडी सांगून ठेवतो. पलीकडच्या मोठ्या वर्कशॉपात दाखवू."

दादा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "सांगा. तोवर नाही झाली चालू, तर मीही पाना खाली ठेवला समजा. वर्षभरात दोन कामं परत आली माझी. हे तिसरं. मुलगा बोलावतोच आहे, ये आणि आराम कर म्हणून. हात विसरायला लागले की शटर ओढावं माणसानं."

मी मीटरताईच्या कोपऱ्याकडे बघितलं. ती एका हेडलाइटच्या पोटात डोकं घालून बसली होती. मान वर केली नाही, पण तिचा स्क्रूड्रायव्हर थांबला होता.

आता कुणी विचारेल, तीन पावलांवर बसलेली ही बाई दोन दिवस गप्प का होती? मीही विचारलं. तर म्हणाली, "आमचं ठरलंय वहिनी. तो बोलावल्याशिवाय मी त्याच्या गाडीला हात लावत नाही आणि तो माझ्या टेबलावर पाना ठेवत नाही. अठरा वर्षं भांडण नाही झालं ते उगाच नाही."

शुक्रवारी सकाळी दादाने बोलावलं. बोलावलं म्हणजे काय, तिच्या टेबलाशी जाऊन छताकडे बघत म्हणाला, "तुला वेळ असला तर जरा बघ. काही नाहीये तुझ्या कामाचं. आपलं, बघ." आणि इंजिन वर उचलायची साखळी आणायला तो निघून गेला.

तिने अंगठी खिळ्याला लावली. मला वाटलं आता ही झाकणाखाली शिरणार. तर ती स्टूल ओढून माझ्या शेजारी, गाडीच्या उघड्या दाराशी येऊन बसली.

"सांगा."

"काय सांगू? सुरू होत नाही."

"ते गाडी सांगेल. तुम्ही सांगा. दोन दिवस किल्लीवर तुम्ही होतात ना? पहिल्यापासून सांगा. काय ऐकलं, काय दिसलं, कसला वास."

मला एकदम शाळेत कुणी हुशार समजून फळ्याशी बोलावल्यासारखं वाटलं. दोन दिवसांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. फक्त "फिरवा" आणि "थांबा". मी आठवून आठवून सांगितलं. खट एकदाच होतं, खटखटखट नाही. सात-आठदा ओळीने किल्ली फिरवली की पायाशी वास येतो, इस्त्री जास्त तापल्यावर तिच्या वायरीला येतो तसा. मी ह्यांना म्हटलंही, तर म्हणाले, गॅरेजमध्ये अत्तराचा येणार का? आणि काल संध्याकाळपासून पायाखालचं ॲक्सिलरेटर जरा जड लागतंय.

मीटरताईने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"दादाला सांगितलंत?"

"वासाचं सांगितलं. म्हणाले, मला कसलाच येत नाही."

"त्याला कुठून येणार? पेट्रोलमध्ये जन्म गेला, नाक केव्हाच वारलं." ती उठली. "हेडलाइट लावा. आता किल्ली. धरून ठेवा... सोडा."

खट झालं. समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड होता तसाच राहिला. ती भिंतीकडेच बघत होती, इंजिनाकडे नाही.

"बघितलंत? स्टार्टर म्हणजे बकासुर. तो खायला बसला की दिवे मलूल व्हायला हवेत. आणि आतमध्ये दात अडकून बसले असते तर तो आणखीच ओढून खाईल, दिवे विझायलाच येतील. इथे तर उजेड ढिम्म. म्हणजे त्याच्या पानात काही पडतच नाहीये."

तिने मला अजून आठ वेळा किल्ली फिरवायला लावली. मग झाकणाखाली वाकली आणि ॲक्सिलरेटरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या लोखंडी केबलला बोटांची पाठ लावली. तळहात नाही, बोटांची पाठ. लेकराचा ताप बघताना आपण लावतो तशी. हात पटकन मागे घेतला, पुन्हा लावला.

"इकडे या," म्हणाली.

मी हात लावला. केबल तापली होती. नुसती कोमट नाही, चांगली चटका देण्याच्या बेताची. विजेची तार नव्हतीच ती. ती तर पायाने ओढायची साधी केबल.

"ही का तापली?"

"नको त्या रस्त्याने वाहतूक चाललीय म्हणून." तिने टेबलावरून चहाचे दोन पेले आणले आणि एक मला दिला. "हे बघा. करंटला नुसतं पाठवून भागत नाही. बॅटरीतून निघाला, स्टार्टरमध्ये गेला, काम केलं, की त्याला बॅटरीकडे परत यायला वाट लागते. लेक सासरी धाडली म्हणजे माहेरची वाट मोडायची नसते. आता इंजिन गाडीत बसतं ते रबराच्या गाद्यांवर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिनापासून गाडीच्या अंगाला एक जाड तांब्याची पट्टी जोडतात. अर्थिंगची. तीच परतीची वाट. ती बंद असली की बिचारा दुसऱ्या फटी शोधतो. ही केबल इंजिनाला टेकलीय, गाडीलाही टेकलीय. तिच्यातून जातोय, चेंगरत. तिचं आवरण वितळायला लागलंय, म्हणून तुम्हाला वास आणि म्हणून ॲक्सिलरेटर जड."

"मग ती पट्टी लावायची राहिली असेल!"

"राहिली नाहीये." तिने बॅटरीच्या खालच्या बाजूला बोट दाखवलं. पट्टी होती. दोन्ही टोकांना बोल्ट घट्ट. आणि टोकाच्या खाली, बोल्टच्या भोवती, वर, सगळीकडे तो सुंदर राखाडी रंग. दोन हात. एकही ओघळ नाही.

मला कळायला क्षणभर लागला. मग वाटलं, नसतं कळलं तर बरं. रंगातून वीज जात नाही, एवढं तर मलाही ठाऊक होतं. दादाने पट्टी बसायची जागा रंगवली, वाळू दिली, मग तिच्यावर पट्टी आवळली. आणि वरून पुन्हा एक हात फिरवला, शोभा म्हणून. दुसऱ्या कुठल्याही मेकॅनिकने ती जागा काळी, मळकी ठेवली असती आणि गाडी बुधवारी सकाळीच सुरू झाली असती!

"कानस घ्या," मी म्हटलं. "घासून टाकू. पाच मिनिटांचं काम. दादा यायच्या आत."

खरं सांगते, मला वाटलं मी फार समजूतदार सूचना केली.

तिने चहा संपवला. "आणि मग? तो येईल, गाडी चालू दिसेल. काय झालं होतं विचारेल. मी म्हणेन, काही नाही, सैल होतं. तो मान हलवेल आणि मनात धरून बसेल की इंजिन निवडायला आपण चुकलो, हिने झाकलं. तो चुकलेला नाही वहिनी. इंजिन बरोबर आणलंय त्याने. कानाने पारखून आणलंय."

"मग सरळ सांगा."

"मी सांगू? भांडेल. म्हणेल, तू मला रंग शिकवतेस? लहानपणी याच माणसाने माझ्या हातात टॉर्च देऊन म्हटलं होतं, उजेड धर आणि तोंड बंद." ती हसली. "माझ्याशी भांडेल तो. मीटरशी कोण भांडणार? तो साखळी घेऊन यायला संध्याकाळ होईल. उद्या आठला या."

शुक्रवारी घरी मी ह्यांना काहीही बोलले नाही. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. इतकी मोठी गोष्ट इतका वेळ पोटात ठेवायची ही माझी पहिलीच खेप. दोनदा भाजीत मीठ घातलं.

शनिवारी आठला पोचले तर दादाने तुळईला साखळी अडकवून ठेवलेली. डोळे सुजलेले. इंजिनाचे वरचे पाइप सोडवायला तो वाकला, तेवढ्यात मीटरताई मीटर घेऊन आली.

"दादा, दोन मिनिटं. मला तिसरा हात हवाय."

"आता? मी सगळं खाली घेतोय."

"घे की. दोन मिनिटांनी घे. वहिनी किल्लीवर बसतील, मला बॅटरी धरायचीय. ही दोन टोकं तेवढी तू धर."

दादा पुटपुटत आला. "अगं माझे आई, बारा वाजता गाडी न्यायला येतायत."

"आत्ता आठ वाजलेत. हे टोक बॅटरीच्या उण्यावर, मायनसवर. हे इंजिनावर. अंहं, रंगावर नको, इथे, या उघड्या बोल्टवर. मीटर वर ठेवते, काटा दिसतोय का तुला?"

"आंधळा नाही झालो."

"मग वाच. वहिनी, फिरवा."

खट. मी किल्ली धरून ठेवली. काचेतून, झाकणाच्या कडेने, मला दादाचा फक्त चेहरा दिसत होता.

"नऊ," तो म्हणाला.

"किती हवं?"

दादा काट्याच्या आणखी जवळ वाकला. हे त्यानेच तिला शिकवलं होतं, की बॅटरीच्या उण्यात आणि इंजिनात काही फरक असता कामा नये, काटा जागचा हलायला नको. बारा व्होल्टच्या बॅटरीतले नऊ तिथेच अडकून पडलेत, म्हणजे वाट बंद.

"पुन्हा फिरवा," तो म्हणाला. मला. आवाज बदलला होता.

"नऊ."

त्याने टोकं खाली ठेवली, तशी मी उतरून पुढे गेले. पट्टीपाशी वाकला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाक टेकेपर्यंत वाकला. राखाडी बोल्टवर अंगठा फिरवला. मग तसाच, वाकलेलाच राहिला. मीटरताई शेजारी उभी होती. ती मीटरची वायर गुंडाळत होती, हळूहळू, नको इतकी नीट.

"रंग," दादा म्हणाला.

"हं."

"मीच."

"हं."

"तुला कधी कळलं?"

"काल. पण मला नुसतं वाटलं होतं. तू मोजलंस."

त्याने तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता भांडतो. पण तो वळला आणि कानस घेऊन आला. बोल्ट सोडला. पट्टीचं टोक बाजूला केलं आणि आपला तो सुंदर रंग खरवडायला लागला. आधी राखाडी भुकटी, मग खालचा जुना रंग, आणि मग एकदम लखलखीत लोखंड. इंजिनाकडच्या टोकाचंही तसंच. पट्टीची टोकं पॉलिश पेपरने घासली. बोल्ट आवळताना त्याचा हात चाचपडला नाही. मी मुद्दाम बघत होते.

"वहिनी," दादा म्हणाला. "फिरवा."

मी पुन्हा सीटवर बसले आणि किल्ली फिरवली. खट झालं नाही. स्टार्टरने एकच गुरगुर केली आणि इंजिनाने सूर धरला. असा धरला, इतका मऊ, की सुरू आहे की नाही हे बघायला मी आरसा बघितला. तो बारीक थरथरत होता. मागे धूर नाही.

दादाने इंजिनाला कान लावला. मीटरताई टेबलाशी गेली आणि खिळ्यावरची अंगठी बोटात घातली.

साडेअकराला हे आले, मागून ओढून न्यायची गाडी. आमची गाडी फाटकाबाहेर घुरघुरत उभी बघून हे क्षणभर ओळखच विसरले. "काय झालं होतं?"

मी मीटरताईकडे बघितलं. ती हेडलाइटच्या पोटात होती.

"अर्थिंगच्या पट्टीखाली रंग लावला होता," दादा म्हणाला. "मी. माझी चूक. दोन दिवस तुमच्या घरच्या माणसाला बसवून ठेवलं. केबल तापलीय, ती नवी घालून देतो. इंजिन मात्र बरोबर आणलंय." हे शेवटचं तो दोनदा म्हणाला.

ह्यांनी ओढून न्यायच्या गाडीवाल्याला हात जोडले आणि परत पाठवलं. मग झाकणाखाली वाकून बराच वेळ बघत राहिले. "दादा, रंग बाकी झकास झालाय हो," असं म्हणाले, आणि सव्वीस वर्षांत मला हा माणूस इतका शहाणा कधी वाटला नव्हता.

गॅरेजचं शटर अजून रोज नऊला वर जातं. परवा तेल बदलायला गेले होते. दादा कुणाच्या तरी इंजिनाची जागा रंगवत होता, जीभ दातांत धरून, बारीक ब्रशने. पट्टी जिथे बसते तिथे त्याने सोड्याच्या बाटलीचं एक बूच पालथं चिकटवून ठेवलं होतं. रंग वाळल्यावर ते उचललं, तर खाली रुपयाएवढं गोल, कोरं लोखंड.

"ए मीटर," त्याने तिथूनच हाक मारली. "बघून जा."

"तू बोलावलंस तर येते," ती म्हणाली, आणि अंगठी काढून खिळ्याला लावली.